मुखपृष्ठ म्हणजे वेष्टन नव्हे

मागील उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावातील एका लहानशा ग्रंथालयाने बालविभागातील जुन्या चित्रकथा बांधून घेतल्या. ग्रंथालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी ग्रंथालये आपल्या जिल्ह्यात, मिशनच्या आवारात आणि आवाराबाहेरही, पुष्कळ आहेत. ‘अमर चित्र कथा’ आणि ‘इंद्रजाल कॉमिक्स’ यांचे सुमारे दीडशे सुटे अंक होते. बाइंडरने त्यांचे सात जाडजूड खंड करून आणले. काळ्या कापडाची पाठ, खाकी पुठ्ठा, वर पांढऱ्या चिठ्ठीवर क्रमांक. काम चोख होते. मी पहिला खंड उघडला आणि मला काही क्षण काय झाले आहे ते कळेना. एक गोष्ट संपत होती आणि समोरच्या पानावर दुसरी गोष्ट मधूनच उगवल्यासारखी सुरू होत होती. दीडशेच्या दीडशे मुखपृष्ठे काढून टाकली होती. जाड, गुळगुळीत कागद शिवणीत बसत नाही, खंड फुगतो, असे बाइंडरचे म्हणणे. समितीच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एका सुशिक्षित, वाचनप्रेमी आणि माझ्याहून वयाने मोठ्या सद्गृहस्थांनी मला शांतपणे विचारले, “पण आतला मजकूर शाबूत आहे ना?”

हा लेख त्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहीत आहे. बैठकीत मला ते सुचले नाही.

मी आयुष्यभर चित्रकला शिकवली. म्हणून माझे मत पक्षपाती आहे असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही. परंतु माझा दावा साधा आहे. चित्रकथेच्या पुस्तकात मुखपृष्ठ हाच मजकूर असतो. निदान त्या पुस्तकातील सर्वांत अधिक विचाराने, सर्वांत अधिक वेळ देऊन आणि सर्वांत अधिक रंग खर्चून केलेले पान ते असते. आतील पानांवर शाईची रेघ आणि तिच्या आत सपाट भरलेले रंग असतात. त्या पद्धतीचीही एक शोभा आहे. पण मुखपृष्ठ रेघेने बांधलेले नसते, ते रंगवलेले असते. तिथे गालावरचा प्रकाश हळूहळू सावलीत उतरतो, कापडाला वजन असते, आकाशाला खोली असते. ते एक स्वतंत्र चित्र आहे आणि चित्रकाराने ते स्वतंत्र बैठकीत केलेले आहे.

‘इंद्रजाल’चे उदाहरण घ्या, कारण तिथे ही गोष्ट उघड दिसते. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने 1964 च्या मार्च महिन्यात ही मालिका सुरू केली आणि 1990 साली ती बंद पडली. पुढे ती मराठीतही निघाली, आणि आमच्या पिढीने वेताळाला त्याच रूपात ओळखले. वेताळ हा ली फॉक यांचा मानसपुत्र. 1936 पासून तो अमेरिकेतील वृत्तपत्रांत रोज तीनचार चौकटींच्या पट्टीने येत असे. आता वृत्तपत्रातील पट्टीला मुखपृष्ठ कुठून असणार? आतील चित्रे परदेशातून तयार मिळाली, मुखपृष्ठ मात्र मुंबईत बसून कोणा भारतीय माणसाने नव्याने रंगवावे लागले. सुरुवातीच्या कितीतरी अंकांसाठी ते बी. गोविंद यांनी रंगवले. म्हणजे त्या पुस्तकात आपल्या माणसाच्या हातचे जे एक पान होते, नेमके तेच आपण फाडून टाकले आणि उसने घेतलेले तेवढे काळ्या कापडात बांधून ठेवले! हेच गोविंद ब्रह्मानिया पुढे 1976 साली आबिद सुरती यांच्या ‘बहादूर’चे चित्रकार झाले. भगवा कुर्ता आणि जीनची पँट घालून चंबळच्या दरीतील डाकूंशी झुंजणारा तो तरुण पुष्कळांना आठवत असेल. त्याला रूप देणाऱ्याचे नाव किती जणांना आठवते?

मुखपृष्ठाचे काम अवघड का असते, हे ज्याने एस. टी. स्टँडवरील पुस्तकांच्या टपरीसमोर उभे राहून पाहिले आहे त्याला कळेल. टपरीवर दोरीला चिमटे लावून अंक टांगलेले. खाली धूळ, बाजूला उसाच्या रसाचे गुऱ्हाळ, गाडी लागल्याचा पुकारा. दहा-बारा फुटांवरून, अर्ध्या मिनिटात, आईचा हात ओढणाऱ्या पोराच्या डोळ्यांत ते चित्र शिरले पाहिजे. वरची जवळजवळ चौथाई जागा मालिकेच्या नावासाठी मोकळी सोडायची. उरलेल्या भागात बत्तीस पानांच्या गोष्टीतील असा एकच क्षण निवडायचा की जो सारी गोष्ट सुचवील पण शेवट सांगणार नाही. तलवार उगारलेली हवी, पडलेली नको. दार अर्धे उघडलेले हवे. नजर कुठे जाते, हात कुठे वळतो, यावरून पाहणाऱ्याची नजर तिरकी खाली उतरत कोपऱ्यातील संकटाकडे पोचली पाहिजे. शाळेच्या ग्रेड परीक्षेत स्मरणचित्र नावाचा विषय असतो. बाजार, यात्रा, पाणवठा असा एखादा प्रसंग आठवून काढायचा. माझे विद्यार्थी तिथे हमखास अडत. माणसे रांगेत उभी केल्यासारखी, सगळी समोर पाहणारी, एकमेकांशी कसलाच संबंध नसलेली. ज्या मुलांच्या चित्रांत माणसे एकमेकांकडे वळत, वाकत, पाठमोरी होत, ती मुले बहुधा चित्रकथा वाचणारी निघत. मी सुरुवातीच्या वर्षांत त्यांना “नक्कल करू नका” म्हणून रागावलो आहे. ती माझी चूक होती.

राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही नावे मराठी आहेत. 1967 साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली, आणि या मालिकेच्या कृष्णाला पहिले रूप वाईरकरांनी दिले. महाभारताची बेचाळीस अंकांची मालिका कदमांनी चितारली. पुण्याच्या मुळीकांनी ‘शिवाजी’ काढला, आणि पुढे 1980 च्या दशकात हिंदीतील ‘नागराज’लाही पहिला आकार त्यांनीच दिला. हिरव्या खवल्यांच्या अंगाचा, मनगटांतून साप सोडणारा तो वीर! आता गंमत पाहा. आमच्या शाळांतून ‘शिवाजी’ बक्षीस म्हणून वाटला जाई आणि ‘नागराज’ दप्तरात सापडला तर जप्त होई. दोन्ही चित्रे एकाच हातची. दंडाच्या स्नायूंना पीळ देण्याची तीच रीत, अंगाला डौलदार झोक देण्याची तीच हातोटी. ज्यांनी बक्षीस दिले त्यांनी चित्र पाहिले नाही, आणि ज्यांनी जप्त केले त्यांनीही पाहिले नाही. दोघांनी फक्त विषय पाहिला.

हे मी आपल्या लोकांविषयी विशेष करून लिहितो आहे, कारण आपल्याकडे विषय पाहण्याची सवय फार खोल गेली आहे. त्या सात खंडांत एकच अंक मुखपृष्ठासह वाचला होता, तो म्हणजे ‘अमर चित्र कथे’चा येशू ख्रिस्तावरील इंग्रजी अंक. तो बाइंडरकडे पाठवलाच नव्हता. काचेच्या कपाटात उभा करून ठेवला होता. ख्रिस्ताचे चित्र फाडण्यास कोणाचा हात धजावला नाही याचा मला आनंदच आहे. पण ते वाचले ते चित्र म्हणून नव्हे.

पहिला आक्षेप असा येतो की, हे बाजारी चित्र आहे. ते माल खपवण्यासाठी काढलेले असते. बरे, मग दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ कशासाठी असते? दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघा मूळच्या गोमंतकीय चित्रकारांची मुखपृष्ठे मराठी घरांनी कापून, चौकटीत घालून भिंतीवर लावली. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या छापील लक्ष्मी-सरस्वतींनी अर्ध्या देशाची देवघरे भरली. ती चित्रेही विकण्यासाठीच होती. आपल्या घरांतील पवित्र हृदयाचे चित्र तरी कुठून येते? सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत जी तसबिरींची दुकाने लागतात, तिथे भाव करूनच ते घेतलेले असते. विकले गेल्याने चित्र बाटत असेल तर आपल्या भिंतीवर काहीच उरणार नाही. आणि गोष्ट चित्राने सांगण्याची रीत तर आपल्याच अंगणातील आहे. आपल्या शेवगाव तालुक्याला लागून, गोदावरीच्या काठी पैठण आहे. पैठणचे चित्रकथी जोडचित्रांची पोथी पुढे धरून, एकेक पान उलटत, गाऊन कथा सांगत असत. त्यांची जुनी चित्रे आज पुण्याच्या केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. पैंनी मालिकेला नाव दिले तेही ‘चित्र कथा’. चित्रकथ्याचे पान काचेआड ठेवायचे आणि चित्रकथेचे मुखपृष्ठ रद्दीत घालायचे, यामागे कोणते कलाशास्त्र आहे ते मला कोणी समजावून सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर मानला जातो: चित्रकथा मुलांना बिघडवतात, वाचनाची सवय मोडतात, म्हणून त्यांचा उदोउदो करू नये. ही भीती इथे जन्मलेली नाही. अमेरिकेत 1940 च्या दशकाच्या अखेरीस शाळांच्या आवारांत चित्रकथांच्या होळ्या पेटल्या. 1948 साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे पेटली ती एका कॅथोलिक शाळेच्या आवारात. 1954 साली फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथा मुलांना गुन्हेगारीकडे नेतात असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि त्या भीतीला शास्त्राचा झगा चढला. पुढे 2012 मध्ये कॅरोल टिली या अभ्यासिकेने वर्दमच्या मूळ टिपणांशी पुस्तक ताडून पाहिले, तेव्हा त्याने मुलांच्या जबान्यांत सोयीचे फेरफार केल्याचे दिसून आले. तोवर ती भीती बोटीने प्रवास करून कुठल्या कुठे पोचली होती. आमच्या बोर्डिंगातही पोचली होती. उशीखाली सापडलेल्या अंकाचे मुखपृष्ठ सगळ्यांसमोर फाडले जाई आणि आतील भाग परत मिळे. का तर मुखपृष्ठ ‘भडक’. माझ्या हातात राहिलेली ती पिनांपासून सुटलेली पाने मला अजून आठवतात. शिक्षा देणारा माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला पोहायला शिकवले, तापात आमच्या उशाशी जागरण केले. पण चित्राकडे पाहण्याची त्याला सवय नव्हती.

आणि आपल्या धर्मसभेची परंपरा याबाबत काय सांगते? सहाव्या शतकाच्या अखेरीस मार्सेयच्या सेरेनस नावाच्या बिशपने मंदिरातील चित्रे फोडली. लोक त्यांची पूजा करतील अशी त्याला भीती वाटली. थोर पोप ग्रेगरी यांनी त्याला दोन पत्रे लिहून कानपिचक्या दिल्या. पूजेला तुझा विरोध योग्य आहे, असे त्यांनी मान्य केले. पण चित्रे मोडणे योग्य नव्हे, कारण ज्याला अक्षर येत नाही तो चित्रातून वाचतो, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ होता. पंधराव्या शतकात युरोपात ‘गरिबांचे बायबल’ म्हणून ओळखली जाणारी सचित्र पुस्तके लाकडी ठशांवरून छापली जात; त्यांत संदेष्ट्यांच्या हाती कागदाच्या लांब पट्ट्या असत आणि पट्ट्यांवर त्यांचे बोलणे लिहिलेले असे. चित्रकथेतील बोलण्याचा फुगा त्या पट्टीचा नातलग आहे. फार दूर कशाला, तेंतेंचा जनक एर्जे याने आपला नायक 1929 साली पहिल्यांदा जगापुढे आणला तो ब्रसेल्समधील एका कॅथोलिक दैनिकाच्या बालपुरवणीत, आणि त्या दैनिकाचे संचालक एक धर्मगुरू होते.

आपल्या चित्रकारांशी आपण कसे वागलो, हेही एकदा आठवावे. आंजेलो द फोन्सेका हा गोव्याचा कॅथोलिक तरुण शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्यापाशी शिकून आला आणि त्याने पवित्र मारियेला साडी नेसवली. गोव्यातील प्रतिष्ठितांना ते रुचले नाही. तो पुण्याला आला, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला, आणि शेकडो चित्रे काढून 1967 साली तिथेच वारला. ज्या वर्षी फोन्सेका गेला त्याच वर्षी ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली. या योगायोगाचा मी फार अर्थ काढू इच्छित नाही. एवढेच म्हणतो की मारियेला साडीत पाहण्यास जे डोळे तयार नव्हते, त्यांची पुढची पिढी मुखपृष्ठांवरील साडी, शेला, फेटा आणि पितांबर पाहत मोठी झाली. आज फोन्सेकाची चित्रे पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपली जातात आणि आपण ती अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो.

आता माझ्याच बाजूचे जे लंगडे आहे ते लपवणार नाही. या मुखपृष्ठांनी पापे केली आहेत. देव गोरा किंवा निळा आणि असुर काळाकभिन्न, जाड ओठांचा, सद्गुणी स्त्री केतकीच्या रंगाची, दासी सावळी. काळ्या माणसांच्या रानात एक गोरा बुरखेधारी पिढ्यान्‌पिढ्या राजासारखा वावरतो आणि ते सारे त्याच्यापुढे माना लववतात. आपल्या समाजातील बहुसंख्य लोक ज्या वस्त्यांतून आले, त्यांतील मुलाने असुराच्या चेहऱ्यात आपल्या बापाचा रंग पाहिला असेल तर त्याला काय वाटले असेल? हा प्रश्न मी वर्गात विचारला आहे आणि वर्ग गप्प झाला आहे. पण हा प्रश्न विचारता आला तो चित्र समोर होते म्हणून. मुखपृष्ठ फाडणाऱ्याला त्याचे कौतुक करता येत नाही, तशी तक्रारही करता येत नाही. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेचे रसग्रहण करायला सांगतात. रसग्रहणात दोष दाखवणेही येते, हे आपण मुलांना शिकवतो. चित्राचे रसग्रहण करण्यास आपण कधी एक गुणही ठेवला नाही.

अलीकडे मुखपृष्ठांना नवे मित्र मिळाले आहेत, आणि त्यांच्याविषयीही मला थोडे वाकडे बोलायचे आहे. हे संग्राहक. ‘इंद्रजाल’चे जुने अंक हे लोक प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, कोपरा दुमडला आहे की नाही हे भिंगातून तपासतात आणि हजारो रुपयांच्या गोष्टी करतात. कोणता क्रमांक दुर्मीळ आहे हे त्यांना तोंडपाठ असते. तो कोणी रंगवला असे विचारले तर बहुतेक जण घुटमळतात. 2021 च्या जानेवारीत एर्जेने ‘निळे कमळ’साठी 1936 साली रंगवलेले एक मुखपृष्ठ पॅरिसच्या लिलावात सुमारे बत्तीस लाख युरोंना गेले. छापायला महाग पडेल म्हणून ते तेव्हा नाकारले गेले होते. पुढे ते घडी घालून प्रकाशकाच्या लहान मुलाला देण्यात आले आणि वर्षानुवर्षे खणात पडून राहिले, असे सांगतात. घड्यांच्या खुणा चित्रावर आहेत. बातमी वाचून आमच्या समितीतील एकाने मला विचारले, “आपल्या त्या दीडशेंचे किती आले असते?” मी उत्तर दिले नाही. त्याला चित्राची किंमत कळली पाहिजे अशी माझी इच्छा होती, आणि त्याला फक्त भाव कळला होता.

आपल्या जिल्ह्याला नावांच्या बाबतीत निष्काळजीपणाची जुनी खोड आहे. नगरच्या पूर्वेला शहा डोंगरावर जी अष्टकोनी तिमजली इमारत दिसते, ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान दुसरा याची कबर. पण सारा गाव तिला चांदबीबीचा महाल म्हणतो. चांदबीबीने 1595-96 मध्ये मोगलांविरुद्ध लढवला तो भुईकोट किल्ला दुसरीकडे, शहराशेजारी. मंत्र्याच्या कबरीवर राणीचे नाव चढते, त्याने कबरीचे काही बिघडत नाही, ती दगडाची आहे. कागदाचे तसे नसते. आतील चित्रे कोणाची हे ‘अमर चित्र कथे’च्या अंकात छापलेले सापडते, मुखपृष्ठ कोणाचे हे पुष्कळदा रंगांवरून, बोटांच्या ठेवणीवरून, कोपऱ्यातील बारीक सहीवरून ओळखावे लागते. मुखपृष्ठ गेले की ओळखायलाही काही उरत नाही. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले तेव्हा पाट्या किती तत्परतेने बदलल्या! तेवढ्या तत्परतेची मी अपेक्षा करीत नाही. ग्रंथालयाच्या नोंदवहीत लेखकाच्या रकान्याशेजारी चित्रकाराचा एक रकाना आखावा, एवढेच समितीला लेखी कळवले आहे. बाइंडरला द्यायच्या सूचनेत एक ओळ वाढवावी, असेही लिहिले आहे: मुखपृष्ठे काढू नयेत, शिवणीत बसत नसतील तर पातळ कापडाची पट्टी लावून जोडावीत. खर्च थोडा वाढेल. अर्ज अजून विचाराधीन आहे.

दरम्यान मी त्या बाइंडरच्या दुकानी जाऊन आलो. माणूस भला आहे. माझ्या येण्याचे कारण ऐकून तो ओशाळला. बरीचशी मुखपृष्ठे रद्दीत गेली होती. काहींची त्याने मुलांच्या वह्यांना कव्हरे घातली होती, चित्र आतल्या बाजूला करून. काही खळ लावण्याच्या टेबलावर अंथरली होती. शोधून शोधून अकरा मिळाली. एकावर वेताळाचा बुरखा आणि पांढऱ्या घोड्याची मान एवढे स्वच्छ राहिले आहे. आणखी एकावर ‘चांदबीबी’ ही देवनागरी अक्षरे ठसठशीत शाबूत आहेत. त्यांच्या खालचे चित्र वाळलेल्या खळीच्या पापुद्र्याखाली गेले आहे. ओल्या कापसाने, नखभर जागा धरून, मी ते रोज संध्याकाळी थोडे थोडे सोडवतो आहे. आतापर्यंत एक खांदा मोकळा झाला आहे.